फारोचे चार सौदे

(एटापल्ली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: संकटाचा दाब वाढत असताना देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, आणि त्यासाठी आधार घ्यायचा तो बायबलमधल्या दहा पीडांच्या कथेचा. हा विषय रविवारी चर्चमध्ये मांडणे सोपे आहे. इथे समोर ख्रिस्ती आहेत, बौद्ध आहेत, ठाकूरदेवाला मानणारे माडिया बांधव आहेत, पूर्व बंगालातून उठून मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेल्या कुटुंबांतली माणसे आहेत. म्हणून मी प्रवचन करणार नाही. एक जुनी कथा आपण नीट वाचू, महाराष्ट्रात ती कोणी जगून दाखवली ते पाहू, आणि मग आपल्या तालुक्याकडे वळू.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या कथेत देव काय काय करतो, यावर आपण फार बोलतो. नदीचे रक्त, बेडूक, टोळ, अंधार हे सगळे डोळ्यांत भरते. पण एका पीडेपासून दुसरीपर्यंत जो काळ जातो, त्यात माणसांनी काय केले, याकडे आपले लक्ष जात नाही. विश्वासाची परीक्षा त्या मधल्या काळात होते. आणि त्या काळात मिसर देशाचा राजा इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर चार वेळा सौदा ठेवतो. हे चार सौदे नाकारणे म्हणजेच दबावाखालचा विश्वास, असे मी मानतो.

ही कथा मराठीला परकी नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांत येते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, ते तर ही कथा आपल्या पूर्वजांची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. वल्हांडणाच्या, म्हणजे या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटण्याची कथा पुण्याच्या छापखान्यात पोचली आणि तिने मराठी बाईचा पेहराव घेतला. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनीही ही कथा आपलीच मानली. लपतछपत गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशे म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४१ साली मोशेवर एक इंग्रजी लेख लिहिला. पुढे त्यांनी मार्ग निवडला तो बुद्धाचा. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात, आजच्या चंद्रपुरात, झालेल्या धम्मदीक्षेचे वारसदार या सभेत आहेत. तरीही एका गुलाम समाजाच्या सुटकेची ही कथा बाबासाहेबांना विचार करण्याजोगी वाटली, याची मी नोंद करतो.

आता कथेकडे.

दुष्काळात इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब याचे कुटुंब अन्नासाठी मिसर देशात गेले आणि तिथेच राहिले. पिढ्या उलटल्या, माणसे वाढली, आणि राजाला त्यांची भीती वाटू लागली. त्याने त्यांना वेठीला धरले. तेवढ्याने भागेना, तेव्हा सुइणींना बोलावून हुकूम दिला: मुलगा झाला तर मारून टाका. त्या सुइणींची नावे शिफ्रा आणि पुवा. त्यांनी मुले मारली नाहीत. त्या देवाला भीत होत्या, म्हणून राजाला भ्यायल्या नाहीत, असे ग्रंथ सांगतो. एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. या सबंध कथेत राजाचे नाव कुठेही नाही. फारो हे पद आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाचे नाव लिहिणाऱ्याने गाळले आणि दोन सुइणींची नावे जपून ठेवली. मोशे जन्मायच्या आधी, काठीचा साप व्हायच्या आधी, या ग्रंथातला देवावरचा विश्वास दोन बायकांच्या हातांत दिसतो. त्या हातांनी बाळ घेतले, नाळ कापली आणि ते जगवले.

पुढे मोशे येतो. राजासमोर उभा राहिला तेव्हा त्याचे वय ८० आणि भाऊ अहरोनाचे ८३ होते. त्यांची पहिली मागणी साधी होती: तीन दिवसांची वाट चालून रानात जाऊ द्या, आम्हाला आमच्या देवाचा उत्सव करायचा आहे. राजाने त्याच दिवशी मुकादमांना हुकूम सोडला. मातीची कच्ची वीट वाळताना तडकू नये म्हणून तिच्यात तणस घालतात. ते आजवर सरकारातून मिळत होते. यापुढे ते मिळणार नाही, मजुरांनी स्वतः रानोमाळ हिंडून गोळा करावे. विटांचा रोजचा आकडा मात्र एकानेही कमी होता कामा नये.

तेंदूच्या हंगामात ज्यांनी पाने तोडली आहेत, त्यांना हा हुकूम समजावून सांगायला नको. पहाटे चारला उठून रानात जायचे, डोक्यावर ओझे घेऊन परतायचे, घरभर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. जवळच्या झाडांची पाने संपली म्हणून पुड्यातली पाने कमी चालत नाहीत. रान दूर गेले तर पाय जास्त चालतात, आकडा हलत नाही. ही कथा ज्यात आहे त्या निर्गम या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला दाब असाच आहे. आणि त्यात आणखी एक बारकावा आहे. फटके मिसरी अधिकाऱ्यांनी मारले, पण ते पडले इस्राएली मुकादमांच्या पाठीवर, म्हणजे त्यांच्यातल्याच माणसांवर. त्या मुकादमांनी राजाला शाप दिला नाही. दरबारातून बाहेर पडताच त्यांनी मोशे आणि अहरोनालाच धरले: तुमच्यामुळे आमच्यावर ही वेळ आली. वरून दाब आला की खालची माणसे एकमेकांवर तुटून पडतात. सत्तेला मारण्याचे कष्टही फारसे पडत नाहीत.

मग मोशेने काय केले? तो देवाकडे गेला आणि भांडला. तू या लोकांचे वाईट का केलेस, मला कशाला पाठवलेस, मी राजाशी बोललो तेव्हापासून यांचे हाल वाढले आणि तू तर यांना सोडवले नाहीस, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. देवाने त्याला अविश्वासी ठरवले नाही. त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि आपले वचन पुन्हा सांगितले. मोशेने ते लोकांना सांगितले, तर लोकांनी ऐकलेच नाही. कारणही ग्रंथाने दिले आहे: कष्टाने त्यांची उमेद मोडली होती. या वाक्यात लोकांना दोष दिलेला नाही. उपाशी, थकलेल्या माणसाला तुझा विश्वास कमी आहे म्हणून झोडपणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने हे वाक्य वाचावे. दबावाखालच्या माणसाने देवापुढे रडणे, भांडणे, जाब विचारणे हा विश्वासाचाच भाग आहे. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही.

राजा लोकांना सोडीना, म्हणून त्यानंतर पीडा येतात. नदीच्या पाण्याचे रक्त झाले. बेडूक निघाले आणि राजाच्या पलंगापासून चुलीपर्यंत आणि पीठ मळण्याच्या काथवटीपर्यंत शिरले. उवा, गोमाशा, गुरांची मरी, अंगावरची गळवे, गारा, टोळ, तीन दिवसांचा अंधार, आणि शेवटी पहिल्या मुलांचा मृत्यू. हे सगळे सांगताना लिहिणाऱ्याची नजर शेतकऱ्याची आहे. गारांनी जवस आणि सातू आडवे झाले, कारण जवसाला बोंडे आली होती आणि सातू निसवला होता. गहू आणि खपली उशिराची पिके म्हणून वाचली, हे तो थांबून सांगतो.

बेडकांच्या वेळी एक विलक्षण संवाद आहे. मोशेने राजाला विचारले, हे बेडूक कधी घालवू ते तू सांग. राजाने उत्तर दिले: उद्या. घरात, अंथरुणात, अन्नात बेडूक असताना त्याने आज म्हटले नाही. सत्तेची ही जुनी सवय आहे. तिला स्वतःचाही त्रास आज संपवायचा नसतो, कारण आज संपवले तर कबूल करावे लागते. पीडा टळली की राजा शब्द फिरवतो. पीडा, कबुली, सुटका, शब्द फिरवणे, हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते. आरंभी राजा स्वतःच आपले मन कठोर करतो, आणि सहाव्या पीडेनंतर देवाने त्याचे मन कठोर केले असे वाचायला मिळते. यावर धर्मपंडितांनी खूप लिहिले आहे. मी त्याचा एवढाच अर्थ घेतो की, नाही म्हणण्याची सवय लागलेल्या माणसाला एक वेळ अशी येते की, हो म्हणायचे ठरवले तरी म्हणता येत नाही.

आता ते चार सौदे. पहिला सौदा गोमाशांच्या पीडेत आला. राजा म्हणाला: तुमच्या देवाची पूजा करा, पण इथेच, आमच्या देशात करा. म्हणजे श्रद्धेला हरकत नाही, फक्त विटांच्या कामावरून हलायचे नाही. मोशेने नकार दिला, तेव्हा लगेच दुसरा सौदा: जा, पण फार दूर जाऊ नका. म्हणजे दोरी लांब केली, सोडली नाही. तिसरा सौदा टोळांच्या आधी: तुम्ही पुरुष जा, बायकामुले इथे राहू द्या. चौथा अंधारानंतर: बायकामुलेही न्या, गुरेढोरे तेवढी ठेवा. मोशेचे उत्तर असे की एक खूरसुद्धा मागे राहणार नाही. कारण देवाला काय अर्पण करायचे, ते तिथे पोचल्याशिवाय आम्हाला कळणार नाही.

या चारही सौद्यांत राजा थोडे थोडे देत जातो. थकलेल्या माणसाला हे थोडे फार मोठे वाटते. कोणी समजूतदार माणूस म्हणाला असता: मोशे, एवढे तरी पदरात पाडून घे, उरलेले पुढच्या वेळी बघू. देवावर विश्वास नसता तर तो सल्ला शहाणपणाचा ठरला असता. सुटका पुरी होणार हे ज्याला माहीत आहे, त्यालाच अर्धी सुटका नाकारता येते. ज्याला ते माहीत नाही, तो मिळेल ते घेतो आणि फारोचे आभार मानतो.

महाराष्ट्रात असे सौदे ज्या बाईसमोर आले आणि जिने ते नाकारले, तिच्याकडे आता वळतो. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाने दूर लोटले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थक्षेत्रे हिंडत असताना आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. पुढे तोही गेला. विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, हाती लहान मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले.

१८९३ साली पुण्यात वादळ उठले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळ सोडले. वृत्तपत्रांनी झोड उठवली. दुसऱ्या बाजूने इंग्लंडमधल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांचा धाक होता. बाईने काय मानावे, काय शिकवावे, पुरुषांना शिकवावे की नाही, हे ते ठरवू पाहत होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकच होते: तुमचे काम चालू द्या, पण आम्ही आखलेल्या कुंपणात. हा फारोचा पहिला सौदा आहे. रमाबाईंनी तो दोघांकडूनही घेतला नाही.

तिसरा सौदा त्या काळच्या सबंध सुधारणेत होता. पुरुषांचे राजकारण आधी, बायकांचे प्रश्न नंतर. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला रमाबाई गेल्या होत्या. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू दिली गेली नाही. बायका आणि मुले मागे ठेवून निघालेली ती मिरवणूक होती.

१८९६ साली पाऊस गेला. मध्य प्रांतात, ज्यात आपला जुना चांदा जिल्हा होता, भीषण दुष्काळ पडला. अन्नछत्रांत आणि मदत छावण्यांत अनाथ मुली उघड्यावर पडल्या होत्या, आणि त्यांना पळवणारे दलाल त्यांच्यावर टपले होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या घरची माणसे भुकेने मेलेली पाहिलेली ती बाई होती. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा उचलून आणल्या. अमेरिकेतल्या मदतनिधीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. जेवढ्या ताटांची सोय होती, त्याच्या कितीतरी पट तोंडे आली.

आणि त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगास यांनी त्याचा पहिला रोगी ओळखला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे सैनिक पुण्यात घरोघर शिरू लागले. देवघरे तुडवली गेली, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. २२ जूनला चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घातली. अशा शहरात दुष्काळातून आलेल्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी त्या मुली केडगावला नेल्या. तिथे थोडी जमीन घेतलेली होती. घरे नव्हती. तंबू आणि झोपड्यांत, पावसाळ्याच्या तोंडावर संसार मांडला. आजारी, खरुजेने भरलेल्या, भुकेने माणूसपण हरवलेल्या मुली. त्यांना न्हाऊ घालणे, पेज पाजणे, रात्री उठून बघणे, हे काम कोणत्याही चमत्काराशिवाय हातांनी करावे लागले. मुक्ती सदनाचा पाया हा आहे. १९०० च्या दुष्काळापर्यंत तिथे सुमारे दीड हजार माणसे झाली होती.

त्या वर्षातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि तिथून ती वाईट हाती गेली. रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्या इस्पितळातल्या आणि छावणीतल्या स्त्रियांच्या अवस्थेवर जाहीर पत्र लिहिले. ख्रिस्ती झालेली, इंग्रज आणि अमेरिकन मदतीवर संस्था चालवणारी बाई इंग्रज सरकारच्या कारभारावर बोट ठेवते, हे कोणालाच सोयीचे नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सैनिकांवर आरोप केले, आणि परत आल्यावर पुरावा उभा राहिना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे पत्र चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. सत्तेने तुम्हाला काम करू द्यावे आणि त्या बदल्यात तुम्ही गप्प बसावे, हा दुसरा सौदा आहे. रमाबाईंनी एका मुलीसाठी तो मोडला. देवावर भरवसा असलेल्या माणसाला सरकारच्या मर्जीवर जगावे लागत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ पुरा छापून झाला. निर्गमाची कथा त्यांनी मराठीत लिहिली ती जगून झाल्यावर. त्यांच्या संस्थेतल्या धर्मशिक्षणावर टीका झाली, आजही होते, आणि त्या टीकेचा विचार व्हायलाच हवा. पण दुष्काळात आणि प्लेगमध्ये त्या मुली कोणी जगवल्या, हा हिशेब वेगळा आहे.

मित्रहो, या कथेत एक अवघड जागा आहे आणि ती टाळून मला पुढे जाता येत नाही. दहाव्या पीडेत राजाचा मुलगा मरतो, तसा जात्यामागे बसलेल्या दासीचाही मुलगा मरतो. तुरुंगातल्या कैद्याचाही मरतो. त्या दासीने कोणाला वेठीला धरले होते? मी अनेक वर्षे हा भाग वाचतो आहे आणि त्याचे समाधान होईल असे उत्तर माझ्यापाशी नाही. यहुदी परंपरेने मात्र यातून एक शहाणा रिवाज घेतला. वल्हांडणाच्या जेवणात एकेका पीडेचे नाव घेताना ते पेल्यातला द्राक्षारस थेंब थेंब सांडतात. मिसरी माणसांचे दुःख आठवून आपला आनंदाचा पेला तेवढा कमी करायचा, असा त्याचा अर्थ सांगतात. शत्रूच्या घरातल्या मरणावर उत्सव करू नये, हे सुटलेल्या माणसांनी स्वतःला घालून घेतलेले बंधन आहे.

म्हणूनच साथ आली की तिला देवाचा दंड म्हणण्याची घाई करू नये. १८९७ चा प्लेग पापाचे फळ आहे असे म्हणणारे सर्व धर्मांत होते. त्याचे जंतू यर्सिन यांनी १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये शोधले होते, आणि तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सायमंड यांनी १८९८ मध्ये दाखवले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. निर्गमातल्या पीडांचा रोख गरिबांना वेठीला धरणाऱ्या सत्तेवर आहे. मलेरियाने फणफणलेल्या माडिया पोराच्या उशाशी बसून ती कथा त्याच्या आईवर लादणारा माणूस फारोच्या बाजूला उभा आहे.

आणि दहाव्या पीडेचे, मुलांच्या मरणाचे, उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंची नोंद केली. हजार जिवंत जन्मांमागे साठाहून अधिक बाळे महिन्याच्या आत जात होती. देवाने दिले, देवाने नेले, असे म्हणून घरे गप्प बसत. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले: बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचे. तीन वर्षांत ते प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि घरोघरी नवजात बालसेवेची ती रीत देशाने उचलली. गडचिरोलीच्या त्या आरोग्यदूतांना मी शिफ्रा आणि पुवा यांच्या रांगेत बसवतो. त्या कोणत्या देवाला हात जोडतात हे मी विचारत नाही. बाळ जगले पाहिजे असे ज्याला वाटते, त्या देवाचेच काम त्या करतात.

आता आपल्या तालुक्याचे. इथल्या माणसावरचा दाब मी बाहेरून येऊन सांगावा असा नाही. चाळीसहून अधिक वर्षे गावांनी तो सोसला आहे. रात्री नक्षलवादी भाकर मागतो, सकाळी पोलीस त्याचा जाब विचारतो, आणि दोघांच्या मधे गावच्या पाटलाचा, शिक्षकाचा, पोरांचा जीव जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडचा भामरागडचा मुलूख तुटतो. सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगराच्या पोटातले लोहखनिज घेऊन रस्त्याने ट्रक जातात. कोणाला रोजगार मिळाला, कोणाच्या शेतावर लाल धूळ बसली. दोन्ही खरे आहे, आणि एकाच घरात दोन मते आहेत हेही खरे आहे.

अशा वेळी फारोचे सौदे वेगवेगळ्या तोंडांनी येतात. तुमचा देव ठेवा, डोंगर द्या. घराचा पट्टा घ्या, जंगल मागू नका. सही पुरुषांनी करावी, बायकांना कशाला त्रास. तुम्ही सगळे जा, गुरे चरायची कुरणे तेवढी ठेवून जा. हे सौदे सरकारकडून येतात, बंदूकवाल्यांकडून येतात, व्यापाऱ्याकडून येतात, आणि कधी आपल्याच चर्चच्या, समाजाच्या, पक्षाच्या पुढाऱ्याकडूनही येतात. ते नाकारायला बंदूक लागत नाही. मोशेकडे सैन्य नव्हते. त्याने एकाही मिसरी सैनिकावर हात उगारून लोक सोडवले नाहीत. तरुणपणी त्याने एका मिसऱ्याला ठार मारले होते आणि त्यातून कोणाचीही सुटका झाली नव्हती, हेही त्याच ग्रंथात आहे.

नाकारण्याचा एक रस्ता आपल्या जिल्ह्याने दाखवला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभा भरवली, प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीने घेतला, अभ्यासगट चालवले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. मधल्या काळात त्यांनाही छोटे छोटे तुकडे देऊ केले गेले असतील. त्यांनी संपूर्ण मागितले आणि कायद्याच्या चौकटीत मिळवले. चौथ्या सौद्याला दिलेले हे उत्तर आहे.

समोर बसलेल्या ख्रिस्ती बांधवांना मी विशेषकरून सांगतो. संकट आले की आपण देवाने ते टाळावे एवढेच मागतो. मोशेच्या लोकांना मात्र देवाने त्या शेवटच्या रात्री कामे दिली होती: कंबर कसा, पायांत वहाणा घाला, काठी हाती घ्या, शेजाऱ्याचे घर लहान असेल तर त्याला आपल्या कोकरात वाटेकरी करून घ्या. निघताना त्यांच्याबरोबर परक्यांचा मोठा समुदाय निघाला, असे ग्रंथ सांगतो. सुटका फक्त आपल्या जातीची, आपल्या चर्चची असे त्या रात्री कोणी म्हटले नाही. ज्या विश्वासाने शेजाऱ्याला बाहेर ठेवले, तो विश्वास निर्गमातला नव्हे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, गोळ्यांचा कोर्स पुरा करा, आणि प्रार्थनाही करा. या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. बाळंतपण दवाखान्यात करा आणि आशाताईला दारातून परत पाठवू नका. ग्रामसभेची नोटीस लागली की घरातल्या बाईला बरोबर घेऊन जा, ठराव वाचून दाखवायला सांगा, आणि कळल्याशिवाय अंगठा देऊ नका. ज्याच्यावर दोन्हीकडून संशय घेतला जातो, त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसा. कोणी अर्धा हक्क हातावर ठेवून आभार मागू लागला, तर शांतपणे विचारा: उरलेला अर्धा कुठे आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहा.